कनात : एका मैदानावरच्या सावलीच्या नोंदी

२२ फेब्रुवारी २०२५, शनिवार

जिमखान्याच्या कमिटीची बैठक, चहा दोनदा. सुट्टीतली शालेय क्रिकेट स्पर्धा १२ एप्रिलपासून, दर शनिवार-रविवार आणि मध्ये काही वारी. मुलुंडचं आपलं मैदान, दिवसाला दोन सामने. मागच्या वर्षी उपांत्य सामन्याला एका पोराच्या आजी पायरीवरच कलंडल्या होत्या. कांदा हुंगवा, पाय वर करा, वारा घाला, सगळं झालं. पाच मिनिटांत आजी उठल्या आणि पहिला प्रश्न, ‘‘आऊट झाला का गं तो?’’ सगळे हसले, पण सेक्रेटरींच्या चेहऱ्यावरचा रंग काही संध्याकाळपर्यंत परतला नव्हता.

म्हणून यंदा ‘प्रेक्षकांच्या सावलीचं बघा’ हे काम माझ्या गळ्यात. कारण मी ‘साइटवरचा माणूस’. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी लोकांना मी अजून हेल्मेट घालूनच दिसतो. बजेट ६० हजार. त्यात सावली, पाणी, रंग, सगळं.

२३ फेब्रुवारी, रविवार

मोजमाप. पूर्वेला फाटक आणि रस्ता, त्याला लागून काँक्रीटच्या सहा पायऱ्या. पायरी ४० सेंटीमीटर उंच, ८० सेंटीमीटर रुंद. बसणाऱ्याचं तोंड पश्चिमेला. पश्चिमेकडे कंपाउंडची भिंत, भिंतीपलीकडे नाला, भिंतीच्या आत साधारण वीस फुटांची पट्टी जिथे सध्या रोलर, फुटलेले साइडस्क्रीन आणि माळीकाकांची खाट.

खेळपट्टी उत्तर-दक्षिण आहे. ती तशीच असते, नाहीतर सकाळ-संध्याकाळ फलंदाजाच्या डोळ्यांत ऊन जाईल. पण त्याचा अर्थ असा की फलंदाजाचे डोळे वाचवताना मैदानाच्या लांब बाजूंपैकी एक कायम मावळतीकडे तोंड करून बसते. आपल्याकडे नेमकं तिथेच पायऱ्या बांधल्यात, कारण फाटक तिथे आहे. बांधणाऱ्याने सूर्य बघितला नाही, रस्ता बघितला.

दुपारी तीनला पायरीवर हात टेकवला आणि उचलला. करोनाच्या वेळचं कपाळावर धरायचं थर्मामीटर कपाटात होतं ते आणून पायरीवर धरलं. माणसाच्या तापापुरतंच ते मोजतं. पायरी बघून त्याने नुसतं ‘हाय’ दाखवलं. माझ्याही तोंडून तेच निघालं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणतात, यंदा ती ते म्हणायलाही थांबली नाही. हवामान खात्याचा मुंबईसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा आहे, आणि तोही फेब्रुवारीत.

किनाऱ्याचा निकष वेगळा असतो हे पुष्कळांना माहीत नसतं. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० अंश व्हावं लागतं, किनाऱ्यावर ३७ पुरतात, फक्त ते सरासरीच्या साडेचार अंश वर हवं. आपल्या ३७ अंशांना नागपूरचे पाहुणे हसतात. मग तासाभराने शर्ट पिळायला लागतात.

८ मार्च, शनिवार

काठी रोवली. एक मीटर, ओळंब्याने सरळ केलेली. दर तासाला सावलीच्या टोकाला खुंटी. चार वाजता सावली १ मीटर ३० सेंटीमीटर, पूर्वेला पण जराशी उत्तरेकडे झुकलेली. म्हणजे सूर्य ३७-३८ अंशांवर, नैर्ऋत्येच्या अंगाने. एप्रिलच्या मध्यापर्यंत तो सरकून चार वाजता बरोब्बर पश्चिमेला येईल आणि सावली १ मीटर १७ सेंटीमीटर होईल. हे गणिताने काढलंय, तेव्हा पुन्हा काठी रोवून पडताळणार.

पुतणी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिने फोनवर सूर्याची जागा दाखवणारं ॲप उघडलं आणि ‘‘काका, काठी कशाला?’’ म्हणाली. तिचं उत्तर आणि माझं उत्तर एकच आलं. माझ्या काठीला चार्जिंग लागत नाही, एवढं मात्र मी ऐकवलं.

१५ मार्च, शनिवार

मंडपवाले आले. गणपतीत आपल्या गल्लीचा मंडप हेच घालतात. पायऱ्यांवर छप्पर घालायचा हिशोब सांगितला तो बजेटच्या दुपटीपेक्षा वर. पैशाचं सोडा, मी रात्री कागदावर छेद काढून बघितला. सगळ्यात वरच्या पायरीवर माणूस उभा राहिला तर डोकं चौदा फुटांवर जातं, म्हणजे छपराची पुढची कड पंधरा फुटांवर हवीच. आता एप्रिलच्या मध्याचं ऊन: तीन वाजता सूर्य ५५ अंशांवर, चारला ४० आणि काही, पाचला २६. पंधरा फुटांच्या कडेखालून चार वाजता सहापैकी खालच्या तीन पायऱ्या उन्हात. पाच वाजता वरची एक सावलीत, फार तर दीड.

आपला दुसरा सामना सुरूच होतो साडेतीनला. भरदुपारचं, डोक्यावरचं ऊन अडवायला छप्पर झकास. पण भरदुपारी आपल्याकडे सामनाच नाही. लाखभर रुपये घालून आपण अकरा ते दोन रिकाम्या पायऱ्यांना सावली देणार.

मंडपवाल्यांना हे सांगितलं. ते तंबाखू मळत म्हणाले, ‘‘साहेब, लग्नात पण असंच असतं. वर कापड दुपारपर्यंत. तीननंतर कनात, बाजूला उभं लावायचं कापड.’’

१६ मार्च, रविवार

कमिटीत छपराला नकार कळवला. मग सूचनांचा पाऊस.

एक जण कतारचं घेऊन बसले. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकात आठपैकी सात स्टेडियममध्ये थंड हवा सोडली होती, हे खरं. खुर्च्यांखालून आणि मैदानाच्या कडेने, अशी की थंड हवा खालच्या खाली राहावी. आठवं, शिपिंगच्या कंटेनरांचं ९७४, ते तसंच उघडं होतं. पण एवढं करूनही स्पर्धा जून-जुलैमधून उचलून नोव्हेंबर-डिसेंबरला नेलीच की. थंड हवेपेक्षा कॅलेंडर हलवणं भारी पडलं. आपल्याला कॅलेंडर हलवता येत नाही, शाळेला सुट्टी तेव्हाच.

दुसऱ्यांचा फवाऱ्याच्या पंख्यांचा आग्रह. त्यांच्या मेहुण्यांकडे नागपूरला लग्नात होते म्हणे, काय गारवा! असणारच. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, पण हवा ते पाणी घ्यायला तयार हवी. थर्मामीटरच्या फुग्याला ओली वात गुंडाळली तर तो जिथवर उतरतो, त्यापलीकडे कुठलाही फवारा हवा थंड करू शकत नाही. नागपुरात मे महिन्यात कोरड्या आणि ओल्या थर्मामीटरमध्ये पंधराच्या पुढे फरक पडतो. आमच्याकडे सहा-सात. त्यातला उघड्यावर निम्मादेखील हाती लागत नाही, वर दमटपणा वाढतो आणि घाम वाळायचा थांबतो. मुंबईकराच्या अंगावर आधीच फवारा सुरू असतो. त्याला वारा हवा, साधा कोरडा पंखा चालेल.

हे सगळं मी बरंच कमी शब्दांत सांगितलं. तरी मेहुणे दुखावले गेले असं दिसतं.

२३ मार्च, रविवार

आज डोक्यात प्रकाश पडला, आणि तो पाडला माळीकाकांच्या खाटेने.

साडेचारला मैदानावर गेलो तर काका पश्चिमेच्या भिंतीजवळ खाटेवर आडवे, भिंतीची आणि पर्जन्यवृक्षाची सावली अंगावर, सरावाला आलेल्या पोरांना झोपल्या झोपल्या शिव्या घालतायत. समोर पूर्वेच्या पायऱ्यांवर सहा पालक डोक्यावर वर्तमानपत्र धरून, डोळे बारीक करून बसलेले. मी काकांना विचारलं, इकडे का बसता? ‘‘मग काय तिकडे भाजून घेऊ?’’

वीस वर्षं हा माणूस इथे बसतोय आणि आम्ही छपराचे छेद काढतोय.

सूर्याकडे पाठ. बस्स. दुपारी प्रेक्षक पश्चिमेला बसवायचे आणि त्यांच्या पाठीशी कनात उभी करायची. समोर कनात लावली तर खेळ दिसणार नाही, पाठीमागे लावली तर कुणाचं काय जातं? आणि सूर्य जसा उतरेल तशी सावली वाढत जाईल. छपराचं नेमकं उलटं होतं. सकाळचा सामना सातचा, तेव्हा सूर्य पूर्वेला, पायऱ्यांवरच्यांच्या पाठीशी, शिवाय रस्त्यापलीकडच्या इमारतींची सावली. म्हणजे सकाळी पूर्वेला, दुपारी पश्चिमेला. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसणारे हेच तर करतात, झाडाच्या सावलीबरोबर कट्ट्यावरून सरकत जातात. त्यांना कुणी ड्रॉइंग काढून दिलं नव्हतं.

३० मार्च, रविवार. पाडवा

एक अडचण राहिली होती. मावळतीचं ऊन ज्या दिशेने येतं त्याच दिशेने मुंबईचा वारा येतो. कनातीने ऊन अडवलं आणि वाराही अडवला तर माणसं सावलीत उकडणार.

आज सोसायटीत सगळ्या गॅलऱ्यांत गुढ्या. सकाळी गुढी उभारली तेव्हा मनात काही नव्हतं. साडेदहाला चहा घेताना दिसलं की समोरच्या इमारतीच्या सगळ्या गुढ्यांची वस्त्रं समुद्राकडे फडफडतायत. मतलई वारा, जमिनीवरचा. मग दर अर्ध्या तासाला गॅलरीत. बायको म्हणाली, श्रीखंड करायला घेतलंय, चक्का तरी फेटून द्या. दिला, गॅलरीत उभा राहून. साडेबाराच्या सुमाराला वस्त्रं लोंबली, काहीच हलेना, आणि हीच ती घुसमटीची वेळ. दीडच्या आसपास एकेक करून पूर्वेकडे वळली. खारा वारा आला. कुलाब्याला तो आधी पोचतो, मुलुंडला येईपर्यंत अख्खं शहर ओलांडावं लागतं. ज्या दिवशी पूर्वेचा वारा जोर धरतो आणि हा उशिरा येतो, त्या दिवशी पारा चढतो. मार्च-एप्रिलमधले मुंबईचे विक्रमी दिवस बहुतेक असेच असतात.

तर साडेतीनला वारा पश्चिमेचाच धरायचा. उपाय कागदावर सापडला. कनात जमिनीपासून दोन फूट वर उचलायची. खालून वारा येईल. ऊनही येईल, पण चार वाजता ते आत सव्वादोन-अडीच फुटांपर्यंत, पाच वाजता चार फुटांपर्यंत. खुर्च्यांची पहिली रांग कनातीपासून चार फुटांवर ठेवली की त्या उन्हात कुणीच नाही, तो नुसता जायचा-यायचा बोळ. वारा मात्र पोटऱ्यांना आणि पाठीला लागणार. शिवाय कापड न घेता शेडनेट, नर्सरीवाले वापरतात ती, ७५ टक्के ऊन अडवणारी. तिच्यातूनही थोडी झुळूक येते.

कनातीची वरची कड बारा फुटांवर. बसलेल्या माणसाचं डोकं चार फुटांवर धरलं तर साडेतीनला दोन रांगा सावलीत, चारला तीन, पाचला पाच. लांबी ऐंशी फूट. दर रांगेत चाळीस-पंचेचाळीस खुर्च्या.

५ एप्रिल, शनिवार

पायऱ्यांना चुना. पांढरा रंग ऊन परत फेकतो, काँक्रीट कमी तापतं, हे सगळ्या गच्चीवाल्यांना ठाऊक आहे. सकाळच्या सामन्याचा शेवट दहा-साडेदहाला होतो तेव्हा पायऱ्या बऱ्याच तापलेल्या असतात म्हणून हा खटाटोप.

चुन्यात डिंक घालायला विसरलो. मी स्वतः उभा होतो, दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही. दुपारी पहिले पालक बसून उठले ते मागून पांढरे होऊन. एकांच्या काळ्या पँटवर तर दोन स्वच्छ अर्धवर्तुळं. सोमवारी खरवडून परत, या वेळी डिंक घालून.

९ एप्रिल, बुधवार

परवानगीचं काम. तात्पुरत्या मंडपाचा अर्ज, नकाशा, फायरवाल्यांच्या अटी. ‘कनात’ शब्द ऐकून टेबलापलीकडच्या माणसाने आधी विचारलं, उंची किती, रुंदी किती, वाऱ्याचं काय. विचारायलाच हवं. १३ मे २०२४ ला वादळात घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग पडलं, १७ जीव गेले. १२० बाय १२० फुटांचं होतं ते. आमच्यापासून पाच स्टेशनांवर. त्यानंतर या पट्ट्यात कुणीही उभं, सपाट, मोठं काही लावताना हात चाचरायलाच हवा.

माझा हिशोब सोबत जोडला. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. सेकंदाला २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटरचा झोत धरला तर चौरस मीटरला २४० न्यूटन. आमची कनात ७४ चौरस मीटर. घट्ट कापड असतं तर सगळं मिळून अठराशे किलोची ढकल. जाळी आहे म्हणून कमी, पण किती कमी यावर भरवसा ठेवून बांबू रोवायचे नाहीत. म्हणून ठरवलं की कनातीने वाऱ्याशी भांडायचंच नाही. वर कप्प्या, दोर खाली. वारा सुटला की शिडासारखी उतरवायची. रोमच्या कोलोसियमवर प्रेक्षकांसाठी कापडाची सावली ओढायला आरमारातले खलाशी ठेवले होते, ते उगाच नाही.

दोर खाली खुंटीला सुरगाठीने बांधायचे. ओढली की सुटली. हे मंडपवाल्यांच्या पोरांना, माळीकाकांना, सेक्रेटरींना, सगळ्यांना करून दाखवलं.

१२ एप्रिल, शनिवार

पहिला दिवस. सकाळचा सामना निर्विघ्न. दुपारी साडेतीनला पंचाईत. कनात उभी, खुर्च्या मांडलेल्या, आणि माणसं सवयीने पूर्वेच्या पायऱ्यांवर. पाटी लावली होती, ती कोण वाचतो? शेवटी माळीकाकांनी पाण्याचे माठ आणि सरबताचं टेबल उचलून पश्चिमेला नेलं. दहा मिनिटांत निम्मी गर्दी तिकडे. दुसऱ्या डावापर्यंत सगळी.

साडेतीनला दोन रांगा सावलीत, हिशोबाप्रमाणे. तिसऱ्या रांगेतल्यांनी खुर्च्या मागे सरकवून दुसऱ्या रांगेच्या गुडघ्यांवर आणल्या. चारला गुडघे सुटले. पाचला पोरांनी आपण होऊन मागच्या खुर्च्या उचलून पुढे दोन रांगा वाढवल्या.

काठी रोवली होती. चार वाजता १ मीटर १८. एका सेंटीमीटरने चुकलो. काठीही जरा कललेली असेल.

१६ एप्रिल, बुधवार

आज दोन वर्षं झाली. २०२३ मध्ये याच तारखेला खारघरच्या मैदानात सोहळ्याला बसलेल्या लोकांपैकी १४ जण उष्माघाताने गेले. मुलुंडहून गेलेले काही ओळखीचे होते, सुखरूप परतले. त्यांच्याकडून ऐकलेली एक गोष्ट मनात राहिली, की माणूस धरलेली जागा सोडत नाही. तहान लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते, तरी उठत नाही, कारण परत जागा मिळणार नाही.

म्हणून आजपासून पाणी माणसाकडे जाईल. दोन पोरं प्रत्येक पाच षटकांनी तांब्या-पेला घेऊन रांगेतून फिरणार. एका माठात साधं पाणी, एकात मीठ-साखरेचं: लिटरला सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. कोकम सरबत विकत आहे, ते वेगळं. बर्फाचा डबा आणि ओले पंचे पंचांच्या टेबलाखाली. कुणी बरळायला लागला, अंग तापलेलं लागलं, तर आधी बर्फाचे पंचे मानेला आणि काखेत, आणि १०८ ला फोन. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, हे तीनदा सांगितलं, कारण पहिली प्रेरणा सगळ्यांची तीच असते.

१९ एप्रिल, शनिवार

मोजणी. सावलीत हवेचं तापमान उन्हाएवढंच असतं, हे कमिटीला पटत नव्हतं. ‘‘मग उपयोग काय?’’ उपयोग असा, की अंगावर पडणारं ऊन थांबतं. ते मोजायला तांब्याचा दीडशे मिलिमीटरचा काळा गोळा वापरतात. आपल्याकडे टेबल टेनिसचा चेंडू, काळ्या मॅट रंगाने रंगवून, आत थर्मामीटरचं टोक. ओल्या थर्मामीटरला देवघरातली कापसाची वात. वात कुठे गेली म्हणून घरी शोध चालू आहे, मी गप्प.

चार वाजता. हवा ३३.५, ओला २७. चेंडू उन्हात ४५, कनातीमागे ३६. खेळाडूंच्या उष्णतेसाठी वापरतात तो हिशोब असा: ओल्याचे सात भाग, गोळ्याचे दोन, हवेचा एक. उन्हात ३१.२५, सावलीत २९.४५. पावणेदोन अंशांचा फरक. ऐकायला किरकोळ. पण ओला दोन्हीकडे सारखा धरलाय, आणि छोटा चेंडू मोठ्या गोळ्यापेक्षा कमीच तापतो, म्हणजे खरा फरक याहून जास्त. पुतणी म्हणाली, काका, आजींना विचारा. मागच्या वर्षीच्या त्याच आजी दुसऱ्या रांगेत होत्या. ‘‘बरं वाटतंय. पण तुमचं कापड हिरवं आहे, सगळे आजारी दिसतायत.’’

हे खरं होतं. हिरव्या जाळीतून गाळलेल्या उजेडात अख्खी रांग कावीळ झाल्यासारखी.

२७ एप्रिल, रविवार

आमच्याकडे सुट्टी. भाच्याने वानखेडेचं तिकीट काढलं होतं, मुंबई-लखनौ, साडेतीनचा. खेळापेक्षा मी छपराकडे जास्त बघतोय म्हणून तो वैतागला.

पण बघण्यासारखं आहेच. २०११ च्या विश्वचषकाआधी नवं रूप आलं तेव्हाचं, टेफ्लॉन चढवलेलं कापड, मागून तोललेलं, नजरेच्या आड एकही खांब नाही. एवढं उत्तम छप्पर, तरी साडेतीनचा सूर्य सूर्यच. आज त्या वेळी तो साधारण ४८ अंशांवर आणि अगदी सरळ पश्चिमेला. पूर्वेच्या बाजूला खालच्या रांगांतले लोक निळे झेंडे डोक्यावर धरून, पश्चिमेकडचे निवांत. सावलीची रेघ मैदानावरून पूर्वेकडे सरकताना दिसते, खेळपट्टी ओलांडते तेव्हा कॅमेऱ्यांचीही धांदल होत असणार.

२०२३ च्या विश्वचषकात इथेच तीन सामन्यांत तीन फलंदाजांच्या पायांत गोळे आले होते. ऑक्टोबरात क्लासेन, नोव्हेंबरात मॅक्सवेल, मग उपांत्य सामन्यात गिल. ऑक्टोबर हीट म्हणजे काय ते सगळ्या जगाने टीव्हीवर बघितलं. त्यांच्यासाठी फिजिओ धावत येतो. प्रेक्षकासाठी शेजारचा धावला तर धावला.

मुंबई ५४ धावांनी जिंकली. भाचा खूश, म्हणून मीही.

६ मे, मंगळवार

रात्री वादळ. धूळ, मग वारा, मग पाऊस. टीव्हीवर वानखेडेचा सामना थांबलेला, कव्हर्स ओढतायत. आणि मला आठवलं की उद्या सकाळी शाळांचा सराव आहे म्हणून कनात उतरवलेली नाही. माळीकाकांना फोन. ते आधीच मैदानात पोचलेले, मागून वाऱ्याचा आवाज. ‘‘गाठ सुटत नाही!’’

७ मे, बुधवार

पहाटे गेलो. सहा दोरांपैकी चार सुरगाठीचे, ते काकांनी अंधारात सोडले, तेवढी जाळी खाली येऊन चिखलात पडलेली, शाबूत. उरलेल्या दोघांना कुणीतरी निरगाठ मारली होती, वर पुन्हा एक वेढा, घट्ट, प्रेमाने. पावसाने दोर फुगले आणि ती गाठ दगड झाली. तिथली वीसेक फूट जाळी चिंधड्या, एक बांबू कमरेत मोडलेला. मैदानात कुणी नव्हतं, हेच काय ते. त्या वीस फुटांखाली शनिवारी तीस-चाळीस लहान-मोठी माणसं बसतात. मी बराच वेळ त्या गाठीकडे बघत उभा होतो.

गाठ कुणी मारली ते शोधलं नाही. ज्याने मारली त्याला वाटलं असणार, साहेबांची गाठ कच्ची आहे, आपण पक्की करू. दोष सांगण्यातला. मी गाठ दाखवली, कशासाठी ते एका वाक्यात उरकलं.

आता दोर खुंटीला बांधायचेच नाहीत, लाकडी खिट्टीत अडकवायचे. खिट्टी उपटली की सगळं खाली. सामना संपला की कनात खाली, सराव असो वा नसो. खिट्ट्या लाल रंगाच्या.

१६ मे, शुक्रवार

शून्य सावलीचा दिवस. दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी सूर्य मुलुंडच्या बरोब्बर डोक्यावर. ढग होते, पाच मिनिटं ऊन मिळालं. काठीची सावली काठीच्या बुडात नाहीशी. पोरांनी स्टंप रोवून बघितले, बाटल्या ठेवून बघितल्या, एकाने स्वतः उभं राहून पायांत सावली शोधली. या घटकेला कनातीचा उपयोग शून्य आणि छपराचा शंभर टक्के. छपराचा आग्रह धरणारे नेमके तिथे हजर. ‘‘बघा!’’ म्हणाले. बघितलं. मैदानावर आम्ही नऊ जण होतो.

फाटलेल्या जागी पांढरी जाळी जोडली आहे. आजींना तिथली खुर्ची हवी असते.

२६ मे, सोमवार

हवामान खात्याने आज मुंबईत मान्सून जाहीर केला. आजवरचा सगळ्यात लवकरचा. आधीचा विक्रम २९ मे १९५६ चा होता. कालची अंतिम लढत पाण्यात गेली, ढाल दोन्ही शाळांना सहा-सहा महिने.

कनात जिमखान्याच्या वऱ्हांड्यात वाळत घातली आहे. हिशोब: ६० हजारांपैकी ५३ हजार ४०० खर्च, त्यात दुसऱ्यांदा लावलेला चुना आणि मोडलेला बांबू. उरलेल्या पैशांतून पश्चिमेच्या पट्टीत करंज आणि भेंडाची आठ रोपं. गुलमोहर लावा म्हणत होते, दिसतो छान, पण ऐन उन्हाळ्यात त्याच्या अंगावर पानंच नसतात. खड्डे शनिवारी खणून घेतले होते, आता गुडघाभर पाणी आहे. ओसरलं की लावू.

मंडपवाल्यांचा टेम्पो दुपारी आला. चोवीस बांबू द्यायचे, बावीस भरले. दोन माळीकाकांनी मधून फाडून, आधारासाठी आठ काठ्या करून खड्ड्यांशेजारी ठेवल्यात, विचारायच्या आधीच. पैसे मी दिले.